आईचा चष्मा आणि डाव्या काचेचे वीस अंश

नवा चष्मा डोळ्यांना मानवत नाही अशी तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "थोडे दिवस वापरा, सवय होईल." हे उत्तर पुष्कळदा खरे असते, आणि नेमक्या त्याच कारणामुळे ते जेव्हा खोटे असते तेव्हा ओळखू येत नाही. माझ्या आईच्या बाबतीत ते खोटे होते. तिच्या चष्म्याची डावी काच चुकीची बनली होती, ती चूक यंत्रावर दोन मिनिटांत मोजता येण्यासारखी होती, आणि तरीही ती मोजण्याआधी आईच्या वयाला आणि तिच्या भित्र्या स्वभावाला दोष देऊन झाला होता. चष्मा सोसत नसेल तर आधी काच मोजावी, माणसाला धीर धरायला नंतर सांगावे, एवढेच मला म्हणायचे आहे. पण त्यासाठी काय घडले आणि काय बिघडले होते हे तपशिलात सांगायला हवे.

आई साताऱ्याला राहते. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली. या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवतात ते साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवते. आईचे भिंग लांबच्या दृष्टीसाठी ठरवलेले होते, त्यामुळे वाचायला चष्मा लागणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. जखम भरून डोळा स्थिरावेपर्यंत कायमचा नंबर काढत नाहीत, म्हणून काही आठवडे थांबून त्यांनी नंबरचा कागद दिला. त्यावर उजव्या डोळ्यासाठी स्फेरिकल, म्हणजे सगळ्या दिशांनी सारखा असणारा साधा नंबर, उणे ०.५०, सिलिंड्रिकल उणे १.७५ आणि ॲक्सिस ८० असे लिहिले होते. डाव्यासाठी स्फेरिकल उणे ०.२५, सिलिंड्रिकल उणे १.५० आणि ॲक्सिस १००. आणि जवळचे पाहण्यासाठी दोन्ही डोळ्यांना अधिक २.५०. हा शेवटचा आकडा समजायला सोपा आहे. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरायचे असेल तर अडीच नंबरची भर लागते, कारण ४० सेंटिमीटर म्हणजे ०.४ मीटर, आणि एकाला ०.४ ने भागले की अडीच येतात. लोकांना उलगडत नाही तो सिलिंड्रिकल नंबर आणि त्याच्या शेजारचा ॲक्सिस.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सगळ्या दिशांनी सारखाच गोलाकार असेल तर किरण एका ठिकाणी एकत्र येतात. एका दिशेने त्याचा बाक जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी असेल, तर अक्षराची उभी रेघ स्पष्ट आणि आडवी पुसट, किंवा त्याच्या उलट, असे दिसू लागते. हा दोष घालवण्यासाठी जी काच देतात तिची ताकद एकाच दिशेने काम करते, म्हणून ती दिशा नेमकी कोणती हे कागदावर लिहावे लागते. ती दिशा म्हणजे ॲक्सिस. तो शून्य ते १८० अंशांत मोजतात. उतारवयात तो पुष्कळ लोकांत नव्वदच्या आसपास येतो, आणि दोन डोळ्यांचे ॲक्सिस एकमेकांच्या उलट बाजूंना झुकलेले असणेही नेहमीचेच आहे. उजव्याचा ८०, डाव्याचा १००, असे.

सिलिंड्रिकल नंबर अचूक बनवला आणि ॲक्सिस मात्र चुकला, तर काय होते हे माझ्या मते प्रत्येक चष्मा वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. काच जेवढे अंश फिरलेली असेल तेवढा नवा दोष ती स्वतःच निर्माण करते. त्याचे गणित असे की, सिलिंड्रिकल नंबरची दुप्पट करायची आणि तिला चुकलेल्या कोनाच्या ज्येने, म्हणजे शाळेत आपण साइन शिकतो त्याने, गुणायचे. जे उत्तर येते तेवढा सिलिंड्रिकल नंबर डोळ्याला न सुटलेला राहतो. काच १० अंश फिरली तर मूळ दोषाच्या साधारण एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. ३० अंश फिरली, तर मूळ दोष होता तेवढाच दोष दुसऱ्या दिशेने उभा राहतो, म्हणजे सिलिंड्रिकल काच घालूनही काही उपयोग होत नाही. आणि त्यापुढे गेली, तर ती नसती तरी बरे झाले असते असे म्हणण्याची वेळ येते. आईची डावी काच २० अंश चुकलेली निघाली. दीड नंबरच्या सिलिंडरला वीस अंश म्हणजे एका नंबरहून किंचित जास्त दोष तसाच राहिला होता. अमेरिकेतील झेड ८०.१ या चष्म्यांच्या मानकात ०.७५ च्या वर आणि १.५० पर्यंतच्या सिलिंडरला ॲक्सिसमध्ये ३ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि १.५० च्या वर तर २ अंशांचीच मुभा आहे. त्यावरून वीस अंशांची चूक किती मोठी आहे याचा अंदाज येईल.

आई एवढ्या खोलात शिरणारी नाही. तिला दिसत होते ते असे, की घराच्या दाराची चौकट एका बाजूला कलल्यासारखी वाटते, वाड्याच्या दगडी पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे की संपली हे समजत नाही, आणि कालनिर्णयवरची बारीक अक्षरे वाचताना प्रत्येक अक्षराला सावली असल्यासारखे दिसते. संध्याकाळी डोके जड होत असे. ती आपणहून दुकानात गेली. दुकान जुने, ओळखीचे. माझ्या वडिलांचे चष्मे तिथेच झाले, आणि आत्ताच्या मालकांच्या वडिलांशी त्यांचा घरोबा होता. मालकांनी आपुलकीने तिला बसवले, चष्मा पुसला, काड्या थोड्या गरम करून कानामागे नीट बसवल्या, नाकावरचे पॅड सारखे केले आणि म्हणाले, "काकू, प्रोग्रेसिव्ह काच आहे, आणि या वयात जरा जास्त वेळ लागतो. घालत राहा, सवय होईल." प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली काच. आईने घरी येऊन ते मनावर घेतले. पायऱ्या उतरताना ती चष्मा काढून हातात धरू लागली, आणि हळूहळू तो कपाटातच राहू लागला. पोथी वाचायला तिने बाजारातून अडीच नंबरचा तयार चष्मा आणला. तक्रार तिने पुन्हा केलीच नाही, कारण आपल्यालाच तो वापरता येत नाही अशी तिची खात्री झाली होती.

मला सर्वात जास्त लागले ते हेच. ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत काच चुकली, कवळी टोचली, कानाचे यंत्र शिट्टी मारू लागले, तरी सगळ्याचे कारण म्हणून त्यांचे वय पुढे केले जाते, आणि तीही ते मान्य करतात. त्यांचे अर्धेअधिक दिवस ज्या वस्तूवर अवलंबून असतात, ती वस्तू तपासण्याची तसदी कोणी घेत नाही.

मी साताऱ्याला गेले तेव्हा तो कपाटातला चष्मा पाहिला आणि तिला पुन्हा घालायला लावला. आधी उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने, मग डावा झाकून उजव्याने, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सांगितले. उजव्या डोळ्याने तिला महिन्याचे नाव आणि खालच्या तिथी धडाधड वाचता आल्या. डाव्याने आकडे दुहेरी दिसत होते. ही अगदी साधी चाचणी आहे, पण तिने एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रोग्रेसिव्ह काचेची सवय व्हायची असेल तर त्रास दोन्ही डोळ्यांना होतो. समोर सरळ, काचेच्या बरोबर वरच्या भागातून पाहताना एक डोळा स्वच्छ आणि दुसरा अंधुक, असे सवय नसल्यामुळे होत नाही.

प्रोग्रेसिव्ह काचेला सवय लागते हे मी नाकारत नाही. त्या काचेत वरून खाली येताना नंबर हळूहळू वाढत जातो, आणि ही वाढ साधताना काचेच्या डाव्या-उजव्या कडांना खालच्या बाजूस अस्पष्टपणा येणे अटळ असते. म्हणून सुरुवातीला मान वळवली की जमीन डोलल्यासारखी वाटते, बाजूचे पाहायला डोळे फिरवण्याऐवजी डोके फिरवावे लागते, पायऱ्या उतरताना हनुवटी खाली घ्यावी लागते. हे पंधरा दिवसांत बहुतेकांच्या अंगवळणी पडते. लांबचे पाहायला हनुवटी खाली घ्यावी लागणे किंवा वाचायला मान फारच मागे टाकावी लागणे यात मात्र काच फ्रेममध्ये वर किंवा खाली बसल्याची शक्यता असते, आणि ती सवयीने जात नाही. डोळ्याच्या मधोमध समोर पाहताना एकाच डोळ्याला अक्षर फाटलेले दिसणे हा तर सरळ मोजून पाहण्याचाच विषय आहे. हा फरक दुकानात सांगितला जात नाही, आणि तो सांगितला गेला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

दुकानात जाण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आणि माझ्या मते क्रम हाच योग्य आहे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी कृत्रिम भिंगाच्या मागच्या पडद्यावर धुरकटपणा येऊ शकतो, दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मध्यभागी सूज येऊ शकते. अशा वेळी काच कितीही बरोबर असली तरी दिसणार नाही आणि दुकानदाराला दोष देणे अन्यायाचे ठरेल. (एका डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकू लागले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.) आईचे दोन्ही डोळे चांगले होते. डॉक्टरांनी नंबर पुन्हा तपासला, तो तोच निघाला. मग त्यांनी चाचणीच्या गोल फ्रेममध्ये डाव्या बाजूला ॲक्सिस १०० वर ठेवून काचा बसवल्या आणि आईला तक्ता वाचायला सांगितले. तिने शेवटून दुसरी ओळ न अडखळता वाचली. तीच फ्रेम घालून ती खिडकीपर्यंत चालत गेली, आणि खालच्या रस्त्यावरच्या दुकानाची पाटी तिने मोठ्याने वाचली.

मग तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी आईचा चष्मा लेन्सोमीटरवर ठेवला. काचेचा नंबर मोजण्याचे हे यंत्र चष्म्याच्या जवळपास प्रत्येक दुकानात असते. प्रोग्रेसिव्ह काच मोजताना एक काळजी घ्यावी लागते : लांबचा नंबर काचेच्या वरच्या, ठरलेल्या जागीच मोजावा लागतो, मधल्या बदलत्या भागात मोजला तर आकडे चुकीचे येतात. ती जागा कशी शोधायची हे त्यांनी मला दाखवले. काच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून तिच्यावर हळूच फुंकर घातली, की दोन बाजूंना कोरलेली दोन अतिशय बारीक वर्तुळे दिसतात. ती एकमेकांपासून ३४ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि कानाकडच्या वर्तुळाखाली जवळच्या नंबरची भर कोरलेली असते. आईच्या काचेवर तिथे २५ हा आकडा होता, म्हणजे अडीच. या दोन खुणांवरून मधली जागा काढून त्यांनी नंबर मोजला. उजवी काच बरोबर होती. डाव्या काचेचा स्फेरिकल बरोबर, सिलिंड्रिकल बरोबर, आणि ॲक्सिस ८०. यंत्राने छापलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली.

त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जिचा पुढे फार उपयोग झाला. त्या दोन कोरीव खुणांना जोडणारी कल्पित रेषा फ्रेममध्ये अगदी आडवी होती. काच फ्रेममध्ये बसवताना फिरली असती, तर ती रेषाही तिरकी झाली असती. खुणा सरळ आणि ॲक्सिस चुकलेला, याचा अर्थ काच तशीच बनून आली होती. चूक फिटिंग करणाऱ्याची नव्हती, ती ऑर्डर लिहिताना किंवा काच घडवताना झाली होती.

दुकानात जाण्याआधी मी एक पत्र लिहून नेले. ओळखीच्या माणसाकडे पत्र कशाला न्यायचे, तोंडी सांगितले तर पुरे, असे आईचे म्हणणे होते, आणि तिचा संकोच मला समजतो. पण तोंडी तक्रार झाली की ती लगेच स्वभाव, आवाज आणि जुन्या उपकारांकडे वळते. कागदावर आकडे असले की बोलणे आकड्यांपुरते राहते, आणि माझ्या मते ओळख टिकण्याच्या दृष्टीनेही ते चांगले. पत्राचा मुख्य भाग असा होता :

"स. न. वि. वि. आपल्या दुकानातून माझ्या आईसाठी प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा बनवून घेतला होता. बिलाची आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. कागदावर डाव्या डोळ्याचा ॲक्सिस १०० आहे. चष्म्याची डावी काच लेन्सोमीटरवर मोजली असता ॲक्सिस ८० आढळला. त्याची छापील चिठ्ठी जोडली आहे. डॉक्टरांनी डोळ्यांची फेरतपासणी केली असून नंबर बदललेला नाही. तरी आपण आपल्या यंत्रावर काच आमच्यासमोर मोजून खात्री करून घ्यावी, कागदाप्रमाणे नवी डावी काच विनामूल्य बनवून द्यावी, काच बसवण्यापूर्वी फ्रेम चेहऱ्यावर ठेवून मापे पुन्हा घ्यावीत, आणि फेरतपासणीचा खर्च द्यावा. काच किती दिवसांत मिळेल ते या पत्राच्या प्रतीवर लिहून द्यावे, ही विनंती."

मालकांनी पत्र वाचले, आणि पहिले वाक्य पुन्हा तेच आले. काच डॉक्टरांच्या नंबरप्रमाणेच आहे, प्रोग्रेसिव्हला वेळ लागतो, अशी पुष्कळ गिऱ्हाइके येतात. मी म्हणाले, "दादा, तसे असेल तर उत्तमच आहे. तुम्ही फक्त आमच्यासमोर मोजा." ते काहीसे नाराजीने उठले आणि काच यंत्रावर ठेवली. त्यांचे यंत्र जुने, हाताने चाक फिरवण्याचे होते. ते बराच वेळ डोळा लावून बसले, चाक पुढेमागे केले, मग म्हणाले, "जरा फिरली आहे काच. आत्ता गरम करून सरळ करून देतो." मला ती फुंकर इथे कामाला आली. मी त्यांना त्या दोन खुणा दाखवल्या आणि विचारले, की काच फिरवून ॲक्सिस १०० वर आणली तर या खुणा वीस अंश तिरप्या होतील आणि वाचण्याचा भाग डोळ्याच्या खाली राहणार नाही, मग काकू वाचणार कशातून? हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक होते. त्यांनी चष्मा ट्रेमध्ये ठेवला आणि ऑर्डरवही मागवली.

वहीत आईच्या नावाखाली दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत उजव्या डोळ्याचे आकडे नीट लिहिलेले होते. खालच्या ओळीत स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल डाव्याचेच होते, पण ॲक्सिसच्या रकान्यात वरचाच ८० उतरला होता. कार्बनच्या प्रतीवरही तेच, आणि कंपनीकडे तेच गेले होते. वहीवर नजर जाताच मालकांचा चेहरा उतरला. ते आईकडे वळून म्हणाले, "काकू, चूक आमचीच आहे. काच आली तेव्हा आम्ही ती वहीशी पडताळली, डॉक्टरांच्या कागदाशी नाही." त्यांनी ते सरळ कबूल केले याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, आणि चूक नेमकी कुठे शिरली हे त्यांच्या त्या एका वाक्यात पूर्ण आले. तयार काच वहीतल्या आकड्यांशी पडताळली तर वहीतली चूक सापडण्याचा मार्गच उरत नाही.

एवढ्यावर ते मान्य झाले नसते तर काय करायचे, याचीही मी माहिती घेऊन ठेवली होती. त्यांच्या बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले आहे, आणि पुष्कळ लोक ती ओळ वाचूनच गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हे तिच्यात स्पष्टपणे येते. बिल न देणे हेही त्याच व्याख्येत आहे, म्हणून चष्म्याचे पक्के बिल घेणे कधीही टाळू नये. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे : तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चष्म्याच्या बाबतीत पुरावा इतका सहज मोजता येतो, की डॉक्टरांचा कागद, बिल आणि लेन्सोमीटरची चिठ्ठी एवढे जपून ठेवले तर वाद घालायला फारसे काही उरत नाही. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीचे काम १९७४ पासून, म्हणजे देशात पहिला ग्राहक कायदा होण्याच्या बारा वर्षे आधीपासून चालत आले आहे, आणि तरीही आपण काचेच्या एका चुकीसाठी दुकानदाराला पत्र द्यायला लाजतो, याचे मला वाईट वाटते.

नवी काच ठरलेल्या दिवशी आली. या वेळी मालकांनी स्वतः आईला सरळ बसवून, फ्रेम तिच्या नाकावर ती नेहमी जिथे ठेवते तिथे ठेवून, बाहुलीच्या मध्यावर मार्करने खूण केली आणि फ्रेमच्या खालच्या कडेपासून तिची उंची मोजली; दोन्ही डोळ्यांचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतर वेगवेगळे घेतले. पहिल्या वेळी ही मापे एका मुलाने आई चष्मा बघत उभी असतानाच घेतली होती, असे आई म्हणाली. आईचे नंबर लहान असल्यामुळे काचेचे केंद्र बाहुलीसमोरून थोडे सरकले तरी तिला फार त्रास झाला नसता, पण मोठ्या नंबराच्या लोकांना ते फार महागात पडते. काचेचा नंबर आणि केंद्र सरकल्याचे सेंटिमीटर यांचा गुणाकार केला की डोळ्यावर पडणाऱ्या प्रिझमचा, म्हणजे नजर बाजूला खेचणाऱ्या ओढ्याचा, आकडा येतो. उणे सहा नंबरची काच पाच मिलिमीटर सरकली तर तीन प्रिझमचा ओढा डोळ्याला दिवसभर सोसावा लागतो. अशा माणसाला डोकेदुखीच्या गोळ्या घेत बसण्याआधी कोणीतरी काचेची केंद्रे मोजून द्यायला हवीत.

नवा चष्मा हाती देण्याआधी त्यांनी तो डॉक्टरांच्या कागदासमोर ठेवून मोजला, आणि त्यांच्या यंत्रातून छापील चिठ्ठी निघत नसल्यामुळे दोन्ही काचांचे मोजलेले आकडे बिलाच्या मागे हाताने लिहून सही केली. आईने उजवा डोळा झाकून दुकानातल्या पाट्या वाचल्या. खाली पाहताना कडेला थोडे डोलते असे ती म्हणाली, आणि ते डोलणे मात्र खरोखरच सवयीचे होते. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याचा उल्लेख करणे सोडले. आता ती पायऱ्या चष्मा घालून उतरते. फेरतपासणीच्या फीचे पैसे मालकांनी देऊ केले नाहीत आणि आईने मागू दिले नाहीत. हे मला पटलेले नाही, कारण तो खर्च त्यांच्या चुकीमुळेच झाला होता, आणि तसे मी दोघांनाही सांगितले. पण चष्मा तिचा होता आणि निर्णयही तिचाच.

एक गोष्ट मी डॉक्टरांकडे मागितली, आणि ती त्यांनी लगेच मान्य केली. ॲक्सिस नेहमी तीन आकड्यांत लिहावा, ८० असेल तर ०८०, आणि त्यापुढे अंशाचे छोटे वर्तुळ काढू नये, कारण घाईत ते शून्य म्हणून वाचले जाते. त्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी सांगितले, की त्यांच्या शिक्षणात हे असेच शिकवतात, पण कागदावर ते उतरत नाही. आईच्या नव्या कागदावर उजवीकडे ०८० आणि डावीकडे १०० असे टपोऱ्या आकड्यांत लिहिलेले आहे, आणि त्याची एक प्रत आम्ही दुकानातल्या तिच्या नावाच्या पानाला लावून आलो आहोत.